ज्याला आम्ही हिवताप म्हणत होतो

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी तिथल्या मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "तुम्हाला लिहिता येतं ना? मग हे लिहून ठेवा. पुढच्या माणसाच्या कामी येईल." मी मान डोलावली आणि सहा-सात वर्षं टाळाटाळ केली. कारण एकच, लाज. आपल्या लघवीवर कोण लिहितो?

मागच्या महिन्यात शेजारच्या गावचा एक जवान गडी आंब्यावरून पडला आणि नळी लावून घरी आला. त्याचा बाप माझ्या दारात येऊन बसला. "देवराम, याले किती दिस झाले तुले? कसा निभावलास?" मी काहीतरी पुटपुटलो. तो गेल्यावर मला माझाच राग आला. ज्या लाजेने मी मरता मरता वाचलो, तीच लाज मी अजून उराशी धरून बसलो होतो. म्हणून आता लिहितो.

गाडीवरून

आमचं गाव दिघोरीजवळचं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. धान कापून झालं होतं आणि भारे खळ्यावर नेणं सुरू होतं. धाकटा भाऊ मदन बैल हाकत होता आणि मी भरलेल्या गाडीच्या पार वर, भाऱ्यांवर बसलो होतो. "दादा, उतर, धुऱ्यावरून काढाची आहे गाडी," तो दोनदा म्हणाला. मी उतरलो नाही. तिशीच्या आतला होतो, लग्नाला तीन वर्षं झाली होती, मला उतरायला कोण सांगतो असा तोरा होता.

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाक घसरलं. मी पाठीवर पडलो आणि माझ्यावर भारे पडले. मदन रडत रडत भारे उपसत होता आणि मी त्याला म्हणत होतो, "मले काई नाई झालं रे, बैल पाह पयले." खरंच काही दुखत नव्हतं. उठायला गेलो तेव्हा पाय तिथेच राहिले.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तीन महिने काढले. डॉक्टरांनी काय ते मदनला बाहेर नेऊन सांगितलं. तो आत आला आणि माझ्या तोंडाकडे न बघता चादर सारखी करत बसला. "काय म्हनते डाक्टर?" मी विचारलं. "टाइम लागन म्हनते," तो म्हणाला. मदनला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. चादरीखाली हात घालून मी मांडीला चिमटा घेतला. दुसऱ्या कोणाची तरी मांडी असावी तशी ती होती. त्या दिवशी मी जेवलो नाही, रडलोही नाही. नुसता छताकडे बघत पडलो.

लघवीचं भान गेलं होतं, म्हणून रबराची नळी घातली. नळीचं दुसरं टोक सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत. सुटी देताना सगळं नीट सांगितलं गेलं: पाणी भरपूर प्या, तीन आठवड्यांनी नळी बदला, बाटली खाटेच्या खाली ठेवा. माझी बायको शेवंता एकेक शब्द घोकून घेत होती. मी ऐकतच नव्हतो. ज्या कामासाठी लहान लेकरालाही कोणाची गरज पडत नाही, त्याचे धडे मी बायकोच्या देखत काय म्हणून ऐकायचे, असं वाटत होतं.

सपरीतली खाट

घरी माझी खाट सपरीत टाकली, म्हणजे पुढच्या पडवीत. उन्हाळाभर बरं चाललं. शेवंता सकाळी, दुपारी, संध्याकाळी बाटली रिकामी करायची आणि उकळत्या पाण्याने विसळायची. दिघोरीचा एक कंपाउंडर सायकलवर येऊन नळी बदलून जायचा. लोक भेटायला येत, बाटलीकडे बघत, मग मुद्दाम दुसरीकडे बघत. मी त्यांना हसवायचो. माझ्या जिभेला काही झालेलं नव्हतं.

मग पाऊस लागला आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत घरात कोणी राहत नाही. शेवंता गेली, माय गेली, मदन तर नांगरावरच. घरी राहिली एकटी वत्सला, मदनची बायको. ती चाळीस दिवसांची बाळंतीण होती.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मी वत्सलाचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासरा आणि भावसून यांच्यात बोलणं नसतं. ती माझ्यापुढे तोंड उघडत नाही, मी तिचं नाव घेत नाही. माझी खाट, माझं अंथरूण तिने शिवायचं नाही. घरात येऊन दोन वर्षं झाली होती, पण तिचा चेहरा मी धड पाहिलेला नव्हता. माझं ताट ती उंबऱ्याशी ठेवायची आणि भांड्याचा आवाज करायची. तो आवाज म्हणजे 'जेवण ठेवलं आहे'. पाण्याचा गडवाही तसाच ठेवायची, उंबऱ्यापासून माझ्या हाताला पुरेल इतका सरकवून.

मग सांगा, बाटली भरली तर मी कोणाला हाक मारायची?

तिसऱ्या का चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. दुपारी बाटली गळ्यापर्यंत आली. मी बघत होतो. हात पुरत नव्हता. ती भरली, वाहिली, शेणाने सारवलेल्या जमिनीवरून ओघळ उंबऱ्याकडे निघाला. आत वत्सला लेकराला पाजत बसली असेल, कारण लेकराचा आवाज येत होता. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने राख टाकल्याचा आवाज आला, मग झाडू, मग शेणाचा हात फिरल्याचा. ती ओणवी होऊन माझ्या खाटेखालचं पुसत होती. बांगड्यासुद्धा वाजू देत नव्हती. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी खाटेसकट आत जावं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी बंद केलं. सकाळी शेवंता निघताना दोन घोट आणि संध्याकाळी ती आल्यावर काय ते. हिशेब सोपा होता. पिणार नाही तर भरणार नाही. मी स्वतःवर खूशही झालो. किती दिवसांनी कोणती तरी गोष्ट माझ्या हातात आली होती.

कडू गोळ्या

दहा-बारा दिवसांनी पहिली थंडी वाजली. श्रावणाच्या उकाड्यात माझे दात वाजत होते. मायने गोधड्या टाकल्या, वर पोतं टाकलं, तरी खाट हलत होती. मग ताप, मग घाम, मग दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

आमच्या जंगलपट्टीत याला दुसरं नाव नाही. "हिवताप," माय म्हणाली. सगळे म्हणाले. सरकारी मलेरियावाला नाल्याच्या अलीकडच्या गावाहून सायकलवर आला, त्याने बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि भिंतीवरच्या त्याच्या फेरीच्या चौकटीत तारीख लिहिली. भला माणूस होता. "आणखी कुठे दुखतं?" त्याने विचारलं. "कुठेच नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. तुम्हाला लघवीला जळजळ झाली तर तुम्ही ओरडाल. माझ्या आत वणवा पेटला असता तरी मला कळलं नसतं.

आता मागे वळून बघतो तर सगळं डोळ्यांपुढे होतं. लघवी गढूळ झाली होती, तळाशी चुन्यासारखा गाळ बसत होता, वास असा की बाटली धुताना शेवंता श्वास रोखायची. "गोळ्यायची गरमी आहे," मी तिला म्हणायचो. ती म्हणायची, "एवढी?" आणि मी चिडायचो. नाल्याला पूर होता म्हणून कंपाउंडर महिना उलटून गेला तरी आला नव्हता. तीच नळी आत होती.

खरं सांगू का, मला हिवताप हवा होता. तो साऱ्या गावाला येतो, त्यात लाज नाही. हिवताप आला की मी चारचौघांसारखा आजारी होतो. म्हणून दर चौथ्या-पाचव्या दिवशी थंडी भरली की मी मुकाट्याने कडू गोळ्या गिळायचो, त्याही पाण्याच्या एका घोटात.

पण आतून मी घाबरलो होतो. दुपारी एकटा पडल्यावर तोंड सुकून जीभ टाळूला चिकटायची, डोकं गरगरायचं, आणि भरलेला गडवा हाताच्या अंतरावर असायचा. कधी वाटायचं, हे असंच वाढत जाऊन संपलं तर शेवंता सुटेल. लगेच दुसरं मन म्हणायचं, मला मरायचं नाही. मला खळ्यावर बसून धान मळताना बघायचं आहे. दोन्ही मनं माझीच होती आणि दोघांनाही सांगायला माणूस नव्हतं.

उंबऱ्यावर

पाचव्यांदा थंडी वाजली ती सकाळी, सगळे शेतावर निघायच्या वेळी. या वेळी ती थांबेना. मला ओकाऱ्या होत होत्या, डोळ्यांपुढे माणसं दोन-दोन दिसत होती. नेमका मलेरियावाला फेरीवर आला होता. त्याने पिशवी उघडली आणि माझं बोट हातात घेतलं.

तेवढ्यात उंबऱ्यातून एक आवाज आला. तो कोणाचा हे मला आधी समजलंच नाही. मी तो कधी ऐकलेला नव्हता.

"माय, यायले सांगा, तो हिवताप नाई होय."

सगळे वळले. वत्सला दारात उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला, काखेत लेकरू.

"पानीच नाई पेत ते. गडवा रोज भरला ठेवला, आन रोज संध्याकारी तसाच भरला उचलला. आन बाटली पाहा, कालपासून थेंब नाई तिच्यात."

"वत्सले!" माय कडाडली. "आत जा! भासऱ्यापुढं तोंड उघडते?"

ती आत गेली नाही. लेकरू या काखेतून त्या काखेत घेतलं आणि म्हणाली, "तोंड नाई उघडलं तं मरतीन ते." मग मदनकडे वळून, "तुमाले दोनदा सांगतलं होतं मी. तुमी म्हनले, तू नोको पडू मधात."

मलेरियावाल्याने माझ्या अंगावरची गोधडी बाजूला केली. बेंबीखाली पोट ताणून ढोलासारखं झालं होतं. त्याने हात लावला, काढून घेतला आणि पिशवी बंद केली.

"हे माझं काम नाही. भंडाऱ्याला न्या. आत्ता."

मी शेवंताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. उंबऱ्याजवळच्या भरल्या गडव्याकडे बघत होती.

भंडारा

चौघांनी मला खाटेसकट उचललं. नाल्यात कमरेइतकं पाणी होतं, खाट त्यांनी खांद्यावर घेतली. दिघोरीला एसटी मिळाली. कंडक्टरने मागची लांब सीट मोकळी करून दिली आणि "जोरात न्यायची का हळू?" असं विचारून ड्रायव्हरला हळू न्यायला सांगितलं. साकोलीला गाडी बदलताना मला पोत्यासारखं उतरवलं, पोत्यासारखं चढवलं. अशा वेळी माणसं दुसऱ्याला शिवायला मागेपुढे पाहत नाहीत हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि रडलो.

साकोली सोडल्यावर शेवंता पहिल्यांदा बोलली.

"मले काहून नाई सांगतलं?"

मी बाटली छातीशी आणखी घट्ट धरली.

"मी रोवनी सोडून घरी बसली असती."

"म्हनूनच नाई सांगतलं," मी म्हणालो.

तिने खिडकीकडे तोंड केलं. भंडारा येईपर्यंत तिने ते वळवलं नाही.

दवाखान्यात सिस्टरने नळी काढली. तिचं आतलं टोक पांढऱ्या खड्यांनी लिंपून बंद झालं होतं. नवी नळी घालताच जे बाहेर आलं त्याला लघवी म्हणवत नव्हतं. साऱ्या वॉर्डात वास पसरला. सिस्टरने नाकाला पदर लावला नाही की तोंड वाकडं केलं नाही. "येऊ दे, येऊ दे, जितकं येईल तितकं चांगलं," ती म्हणत होती. त्या एका गोष्टीसाठी मी तिला जन्मभर विसरणार नाही.

डॉक्टरांनी सरळच सांगितलं, या वेळी माझ्या तोंडावर. लघवीत पू आहे. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले आहेत. एक बहुधा कामातून गेलं. दुसरं वाचतं का बघू. "पाणी किती पीत होता?"

"पितो की," मी म्हणालो. मरणाच्या दारातही माझी जीभ खोटंच बोलली.

शेजारच्या खाटेवर आसगावचे एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनाही म्हातारपणच्या तक्रारीमुळे नळी होती, त्यांनाही ताप होता. जाग आली की ते मला गणितं घालायचे आणि उत्तर चुकलं की रागवायचे. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना थंडी भरली. दुपारपर्यंत ते गेले. त्यांच्या बायकोने त्यांचं धोतर घडी करून पिशवीत ठेवलं, चष्मा पुसून ठेवला आणि ती मला म्हणाली, "बापू, पानी पेत जा. हे आयकत नव्हते."

मी सिस्टरना हाक मारून सगळं सांगितलं. बाटली वाहिली तेव्हापासूनचं. शेवंता तिथेच उभी होती.

"तुमची लाज मोठी, का मी?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. विचारून ती वॉर्डातून बाहेर गेली.

तासभर आली नाही. मला वाटलं, तिचे भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेले. तिच्या भावांनी एकदा तसं बोलून दाखवलंही होतं, आणि मूलबाळ नव्हतं की तिला अडवावं. तो तास मी कसा काढला ते लिहिता येत नाही. मी मनातल्या मनात हात जोडून बसलो होतो, कोणापुढे तेही कळत नव्हतं. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि हातात दवाखान्यातून मागून आणलेला मोठा पेला होता. तिने तो भरला, माझ्या तोंडाशी धरला. मी पिऊन संपवला की पुन्हा भरायची. तीन आठवडे तिने हेच केलं. इंजेक्शनांनी माझे दंड दगड झाले. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा, आणि दर वेळी मला वाटायचं की आता दुसरंही गेलं. ते गेलं नाही. माझ्या रक्तात हिवतापाचं काही नव्हतं असा निरोप मलेरियावाल्याने पाठवला, तेव्हा मी दवाखान्यातच होतो.

ज्याच्या घरी नळी आहे त्याला माझं एवढंच सांगणं. आपल्याला तिथे दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नका. थंडी वाजून ताप आला तर हिवतापाची तपासणी करा, पण आधी बाटलीकडे बघा: गढूळ आहे का, वास येतो का, थेंब पडतोय का. बाटली कमरेच्या वर कधी घेऊ नका, त्यातली घाण उलटी आत जाते. एसटीत ती मी भीतीने छातीशी धरून बसलो होतो, त्याबद्दल सिस्टर माझ्यावर फार रागावल्या. आणि पाणी प्या. मला अजूनही वर्षातून एक-दोनदा ताप येतो. अजूनही प्रत्येक थंडीला माझी पाचावर धारण बसते. एकाच मूत्रपिंडावर जगतो आहे, आणि तेही किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

हाक

घरी आलो तेव्हा मायने ठरवून टाकलं होतं की झालं ते झालं, वत्सलाने भासऱ्याच्या खाटेला शिवायचं नाही. शेवंता घरी बसेल. शेवंता आठ दिवस बसलीही. मग हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापायला आलं. हात कमी होते. एका सकाळी तिने विळा घेतला, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी जाऊन राहिली. तुमाले तोंड आहे." आणि गेली.

सकाळपासून मी सांगितल्याप्रमाणे पाणी पीत होतो. दुपार व्हायच्या आत बाटली भरत आली. आत वत्सला तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. मी बाटलीकडे बघत होतो. बोटभर राहिली. अर्धं बोट राहिली. गुरुजींचं घडी केलेलं धोतर डोळ्यांपुढे आलं. ज्या भावसुनेचं नाव घेऊ नये, तिला लघवीची बाटली उचलायला हाक मारायची. आमच्या घराण्यात असं कोणी केलं नसेल.

"वत्सला."

सुपाचा आवाज थांबला. मग ती आली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली वाकून तिने नळी सोडवली, बाटली नेली, उकिरड्यावर ओतली, चुलीवरच्या गरम पाण्याने विसळली. शेवंता करते तसंच, एकही गोष्ट न चुकता. आतून बघून बघून शिकली असणार.

बाटली घेऊन ती परत आली आणि खाटेपाशी थांबली.

"कधीची भरून राहिली होती, आन आता आवाज देला?"

"लाज वाटली," मी म्हणालो. माझ्या भावसुनेशी मी आयुष्यात पहिल्यांदा जे बोललो ते हे.

"मलेबी वाटते," ती म्हणाली, आणि बाटली बांधायला माझ्या खाटेशी खाली बसली.